पंधरा ऑक्टोबरचा साठा

वाचकांचे प्रश्न : पाणी आणि शेती

धरणातल्या पाण्याचे आकडे आता रोज सकाळी मोबाईलवर येतात. त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती आहेत : इतके टक्के म्हणजे नेमकं किती पाणी, आणि त्यावरून गावानं, तालुक्यानं काय ठरवायचं. पाटबंधाऱ्याच्या नोकरीतली माझी बहुतेक वर्षं मांजरा-तेरणा खोऱ्यात गेली, म्हणून उदाहरणं तिकडची जास्त येतील. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत; जिल्हा तेवढा दिला आहे.

प्रश्न : आमच्या शहराला पाणी देणारा मध्यम प्रकल्प यंदा ३८ टक्क्यांवर थांबला. त्याची उपयुक्त (कालव्यानं सोडता येणाऱ्या पाण्याची) क्षमता २० दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि शहराची वस्ती साठ हजार. अधिकारी म्हणतात, पिण्यापुरतं आहे, काळजी करू नका. शेतकरी म्हणतात, मग आम्हाला रब्बीचं आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सोडा. कोणाचं ऐकायचं?
— एक नगरसेविका, धाराशिव जिल्हा

ताई, कोणाचंही ऐकण्याआधी हिशेब मांडा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच मांडून दाखवतो. हाच कागद नगरपालिकेच्या सभेत ठेवा.

२० दलघमीचे ३८ टक्के म्हणजे ७.६ दलघमी. एक दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, अर्थात १०० कोटी लिटर. आता दिवस मोजा. १५ ऑक्टोबर ते ३१ जुलै हे २९० दिवस होतात. पावसाळा जूनला लागतो म्हणून हिशेब जूनलाच संपवायचा मोह सगळ्यांना होतो. पण आपल्याकडे जूनचा पाऊस तापलेल्या जमिनीत जिरतो, ओढे वाहत नाहीत. धरणात आवक दिसेपर्यंत जुलै सरतो, कधी ऑगस्टही अर्धा होतो. ३१ जुलैच्या अलीकडची तारीख कोणी सुचवली तर मान्य करू नका.

साठ हजार माणसांना माणशी १०० लिटर म्हणजे रोज ६० लाख लिटर. जॅकवेलपासून (धरणातल्या उपसा विहिरीपासून) नळापर्यंत तीस टक्के गळती धरा. जलवाहिनी जुनी असेल तर ती याहून जास्तच असेल. म्हणजे धरणातून रोज ८६ लाख लिटर उचलावे लागतील. २९० दिवसांचे झाले अडीच दलघमी. ‘पिण्यापुरतं आहे’ असं म्हणणारे इथेच थांबतात.

पुढे उन्हाचा हिस्सा आहे. ऑक्टोबर ते जुलै या काळात आपल्या भागातल्या तलावांवरून दीड मीटरच्या आसपास पाण्याचा थर वाफ होऊन जातो. तुमच्या धरणाचा पाणपसारा या काळात सरासरी दोन चौरस किलोमीटर धरला तर ते तीन दलघमी होतात. शहर पिणार अडीच आणि ऊन पिणार तीन! या तीनचा उल्लेख बैठकीत कोणी करत नाही आणि एप्रिलमध्ये ‘पाणी गेलं कुठं’ म्हणून चौकशी लागते.

७.६ मधून साडेपाच वजा केले की उरले २.१ दलघमी. ते कालव्यात सोडले तर निम्मे वाटेत मुरतील. शेतावर पोचलेल्या पाण्यात ज्वारी-हरभऱ्याच्या सुमारे १४०० हेक्टरांना एक पाणी बसेल. तेवढंच पाणी उसाला दिलं तर जेमतेम ५० हेक्टर ऊस वर्षभर जगेल. म्हणजे शेतकऱ्यांची मागणी गैर नाही. आवर्तन देता येतं, पण एकच, नोव्हेंबरमध्ये, आणि भुसार पिकांनाच. ते पाणी मार्चपर्यंत राखून ठेवण्यात शहाणपण नाही, कारण पसारा मोठा राहिला की वाफही तितकी जास्त होते. नोव्हेंबरात दिलेलं पाणी ज्वारीच्या कणसात उतरतं आणि कडबाही मिळतो. दुष्काळी वर्षात कडबा म्हणजे जनावरांची छावणी टळणं.

आता ठरावाचा दुसरा भाग, आणि मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कोणत्या तारखेला किती साठा असायला हवा, हे आजच लिहून ठेवा. वरच्या हिशेबानं एक आवर्तन दिल्यावर १ जानेवारीला सव्वाचार दलघमी, १ मार्चला तीन आणि १ मेला पावणेदोनच्या आसपास असायला हवेत. १ जानेवारीला साठा पावणेचारवर दिसला, तर अर्धा दलघमी कुठे गेलं याचं उत्तर बहुधा काठावरच्या विद्युत मोटारींत सापडेल. त्याच आठवड्यात मोटारींची वीज तोडायची, असं ठरावात लिहा. १ मार्चला तीनच्या खाली असेल तर नळाला दिवसाआड पाणी. १ मेला दीडच्या खाली असेल तर बांधकामं, वाहनं धुण्याची दुकानं बंद आणि टँकरच्या विहिरींचं अधिग्रहण सुरू. ही कामं संकट आल्यावर ठरवायला गेलात तर प्रत्येकाला आपला माणूस आठवतो. ऑक्टोबरात, धरणात पाणी दिसत असताना ठरवलं तर सगळे सह्या करतात. मी हे पाहिलेलं आहे.

एक सूचना. जिल्हाधिकाऱ्यांची पिण्याच्या पाण्याच्या आरक्षणाची बैठक आणि कालवा सल्लागार समितीची बैठक या दोन वेगळ्या आहेत. नगरपालिकेनं आपली मागणी पहिल्या बैठकीआधी लेखी द्यायची असते. उशीर झाला तर आवर्तनाचा कार्यक्रम आधी ठरतो आणि शहर मागून धावतं.

प्रश्न : लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी शाळेत होतो. आता घरची शेती पाहतो. एवढं मोठं मांजरा धरण आटलं कसं, आणि आधी कोणाला कळलं नाही का?
— एक शेतकरी, लातूर जिल्हा

मांजरा धरण बीड जिल्ह्यात केज तालुक्यात धनेगावला आहे. उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी. लातूर, अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब ही शहरं आणि लातूरची औद्योगिक वसाहत त्याच्यावर अवलंबून. ते एका वर्षात आटलं नाही. २०१२ चा पावसाळा वाईट गेला, नंतर २०१४ आणि २०१५ हे लागोपाठ. दरवर्षी ऑक्टोबरात धरण जेवढं होतं तेवढंच धरून पुढची आखणी झाली. पुढच्या पावसाळ्यात भरेल, ही आशाच जमेला धरली गेली. खोऱ्यात ऊस मात्र कमी झाला नाही. कालव्याला पाणी नाही म्हटल्यावर लोकांनी बोअर घेतले आणि धरणाच्या खालचं पाणीही संपवलं. तुम्ही विचारता, आधी कळलं नाही का. आकडे रोज लिहिले जात होते. त्या आकड्याला कोणता निर्णय बांधलेला आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. रेल्वेच्या आणि मिरजेच्या लोकांनी त्या उन्हात केलेलं काम लातूर विसरणार नाही. पण आपण शेतकरी आहात म्हणून एक हिशेब सांगतो. अशा ४०० गाड्या आल्या तर एक दलघमी पाणी होतं. आणि पाटानं भिजणाऱ्या उसाला वर्षाकाठी हेक्टरी सुमारे वीस हजार घनमीटर पाणी लागतं. एका पन्नास वाघिणींच्या गाडीत अडीच हजार घनमीटर. म्हणजे मिरजेहून तीनशेहून जास्त किलोमीटर ओढत आणलेली एक अख्खी गाडी साधारण साडेबारा गुंठे उसाचं वर्षाचं पाणी.

हे मी ऊस लावणाऱ्याला दोष देण्यासाठी सांगत नाही. उसाला हमखास भाव आणि हमखास गिऱ्हाईक आहे, तुरीला, सोयाबीनला ते नाही. शेतकरी जे विकतं तेच लावणार. पण १५ ऑक्टोबरला मांजरात किती पाणी आहे त्यावर त्या वर्षीची नवी लागवड ठरली पाहिजे, आणि धरण तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल त्या वर्षी खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) मोडणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे. नुसता ‘ऊस लावू नका’ असा आदेश काढून काही होत नाही.

त्याच २०१६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. पण धरण भरलं की असे हिशेबाचे कागद कपाटात जातात. दुष्काळाचे नियम करायची खरी वेळ धरण भरलेल्या वर्षाची असते, कारण तेव्हा कोणाचंच पाणी तोडायचं नसतं.

प्रश्न : उजनी धरण उणे तीस टक्के, उणे पन्नास टक्के असं वाचतो. शून्याच्या खाली पाणी कसं असतं?
— एक शिक्षिका, सोलापूर

टक्के उपयुक्त साठ्याचे सांगतात. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त ५३.५७ आणि उरलेला साधारण ६३.६ मृतसाठा. मृतसाठा म्हणजे कालव्याच्या दाराच्या पातळीखालचं पाणी. ते नदीत सोडता येतं, उपसा करून घेता येतं. उणे तीस म्हणजे ५३.५७ चे तीस टक्के, सोळा टीएमसी, मृतसाठ्यातून गेले. साडेसत्तेचाळीस टीएमसी अजून आहेत. इतका मोठा मृतसाठा फार थोड्या धरणांना आहे, म्हणून उजनीच्या उण्याची सवय झाली आहे. ही सवय वाईट. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठच्या जवळ गेलं होतं. त्या तळाच्या पाण्यात गाळ किती आणि पाणी किती, हे जुन्या क्षमता-तक्त्यावरून कळत नाही.

सोलापूरकरांनी आणखी एक लक्षात घ्यावं. शहरासाठी भीमा नदीतून, शहराचं पाणी उचलतात त्या औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडतात, तेव्हा शहर पितं त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावं लागतं, कारण कोरडं पात्र आणि दोन्ही काठांच्या मोटारी आपला वाटा आधी घेतात. थेट जलवाहिनीचं पाणी जितकं वाढेल तितकं नदीतून सोडणं कमी होईल, आणि उजनीचा प्रत्येक टक्का जास्त दिवस पुरेल. टक्के वाचताना हेही विचारायला हवं की हे पाणी नळापर्यंत कोणत्या वाटेनं येणार.

प्रश्न : आमच्या डोक्यावर धरणं, आणि पाणी मात्र जायकवाडीला. आमच्याकडे पाऊस कमी असला तरी सोडतात. हा कुठला न्याय?
— एक बागायतदार, अहिल्यानगर जिल्हा

दादा, तुमची चीड मी समजू शकतो. पेरू-डाळिंबाची बाग वाळताना शेजारून नदी वाहताना पाहणं सोपं नाही. पण नियम नीट वाचला तर तो तुमच्याविरुद्ध नाही.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. टंचाईच्या वर्षात एका खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट वाटून घ्यायची, हे त्याचं तत्त्व. या वाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणानं सप्टेंबर २०१४ मध्ये गोदावरी खोऱ्यासाठी आदेश दिला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपातला वापर धरून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तरच वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, आणि धरणांच्या कोणत्या समूहातून किती ते वरच्या साठ्यावरून ठरवायचं. वर पाणी कमी तर देणंही कमी. २०१५ साली १२.८४ टीएमसीचा आदेश निघाला, २०१८ साली ८.९९ चा, २०२३ साली ८.६०३ चा. २०२३ च्या आदेशात मुळा समूहातून २.१०, प्रवरेतून ३.३६, गंगापूरमधून ०.५ आणि दारणेतून २.६४३ असे वाटे पाडलेले होते. जायकवाडी भरलं त्या वर्षी तुमच्याकडून थेंबही मागितला गेला नाही.

माझी तक्रार वेळेबद्दल आहे. २०२३ चा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला आणि पाणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुटलं. दरम्यान मोर्चे, याचिका, बंदोबस्त. तोवर नदीचं पात्र कोरडं होत जातं, आणि पात्र जितकं कोरडं तितकं पाणी वाटेत जास्त मुरतं. ते ना तुमच्या बागेला मिळतं ना पैठणला, जायकवाडीत पोचतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, वाटेतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढून, पात्र ओलं असताना सोडलं तर तेवढंच पैठणला पोचवायला वरून कमी सोडावं लागेल. तुमच्या संघटनेनं ‘सोडू नका’ऐवजी ‘सोडायचं तर वेळेवर सोडा, आणि पैठणला किती पोचलं ते मोजून जाहीर करा’ अशी मागणी केली तर मी त्या पत्रावर सही करीन.

पैठणकडच्या वाचकांनाही एक सांगायचं आहे. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी असला तरी धरण म्हणजे परात आहे; भरल्यावर पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. मे महिन्यात पसारा दीडशे चौरस किलोमीटरवर आला आणि रोज आठ मिलिमीटर थर उडाला तरी दिवसाला १.२ दलघमी पाणी वाफ होतं. वरून आलेलं पाणी परातीत उन्हाळाभर ठेवणं हा त्या पाण्याचा चांगला उपयोग नव्हे. ते लवकर रब्बीला फिरलं पाहिजे.

प्रश्न : दुष्काळ जाहीर करताना धरणाचा साठा बघतात का? आमच्या तालुक्यात धरण भरलेलं दिसतं म्हणून आम्हाला डावललं, असं लोक म्हणतात.
— एक सरपंच, छत्रपती संभाजीनगर जिल्हा

बघतात, पण एकटा साठा बघत नाहीत. केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता आणि त्यावरचा राज्याचा ७ ऑक्टोबर २०१७ चा शासन निर्णय यांत आधी पावसाची तूट आणि खंड तपासतात. त्यात तालुका बसला की पेरणी, पिकांची उपग्रहावरून दिसणारी हिरवळ, जमिनीतला ओलावा आणि पाण्याचे निर्देशांक पाहतात. धरणाचा साठा या शेवटच्या गटात, भूजलाच्या सोबत. मग शेतात जाऊन सत्यमापन. या पद्धतीनं ३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला.

तुमच्या लोकांच्या म्हणण्यात तथ्य एवढंच, की धरण एका तालुक्यात उभं असतं, भरतं दुसऱ्याच जिल्ह्याच्या पावसावर आणि भिजवतं तिसऱ्याला. नाशिकला पाऊस झाला की जायकवाडीचा नाथसागर भरतो, पण काठापासून दहा कोसांवरच्या कोरडवाहू गावाची विहीर त्यानं भरत नाही. म्हणून अर्जात धरणाबद्दल वाद घालू नका. गावातल्या निरीक्षण विहिरीची पातळी आणि महसूल मंडळातल्या पावसातले खंड तारखांसह मांडा.

केंद्रीय जल आयोगाचं धरणसाठ्याचं पत्रक वाचणाऱ्यांसाठी जाता जाता : दर गुरुवारी येणाऱ्या त्या पत्रकात क्षमतेच्या किती टक्के साठा आहे आणि दहा वर्षांच्या सरासरीच्या किती टक्के, हे दोन वेगळे आकडे असतात. ‘सरासरीच्या ९० टक्के’ हे वाचून धरण ९० टक्के भरलं असं समजू नये. आणि दहांपैकी तीन-चार वर्षं दुष्काळाची असतील तर सरासरीच खाली आलेली असते.

प्रश्न : आमचा पाझर तलाव कोणत्याच यादीत नाही. त्याचा साठा कसा मोजायचा? ग्रामपंचायतीकडे पैसे नाहीत.
— एक ग्रामसेवक, बीड जिल्हा

पैसे फारसे लागत नाहीत. तलाव आटेल त्या मे महिन्यात सर्वांत खोल जागी सिमेंटचा खांब किंवा लोखंडी अँगल रोवा आणि दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ ओढा. कोरड्या तळाचे उतार पंचायत समितीच्या अभियंत्याकडून मोजणीच्या दुर्बिणीनं घेतलेत तर प्रत्येक रेघेला किती पाणी, याचा तक्ता एका दिवसात तयार होईल. ते जमलं नाही तर नुसती उंची लिहिली तरी चालेल. पहिल्या वर्षी फक्त नोंद करा, दर सोमवारी, एकाच माणसानं. वारा असेल तर लाट बसेपर्यंत थांबायचं. सोबत तलावाखालच्या दोन विहिरींची पातळीही त्याच दिवशी मोजा, कारण पाझर तलावाचं पाणी शेवटी तिथेच उतरतं.

दुसऱ्या वर्षी तुमच्या हाती असं काही येईल जे तहसीलमध्येही नाही : पाणी कोणत्या रेघेला आलं की किती आठवड्यांनी नळाची विहीर बंद पडते. टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत करतात. बहुतेक गावं तिसऱ्या टप्प्यात टँकर मागतात आणि मंजुरी येईपर्यंत मे उजाडतो. वहीतल्या नोंदींच्या आधारे तुम्ही पहिल्या टप्प्यातच, ऑक्टोबरात, विहीर अधिग्रहणाचा आणि नळयोजनेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव देऊ शकाल. टँकरवर माणशी रोज वीस लिटर पाणी मिळतं, आणि तेवढ्यात बाळंतिणीचं घर चालत नाही.

वहीचा नमुना हवा असल्यास मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मी हातानं आखून पाठवीन.